फरशी पुलाखालचा चाकू

मित्रांनो, जरा जवळ या, पण पायाखाली बघून या. इथले दगड शेवाळलेले आहेत. मी एक जुना चाकू आहे. खिशात मावणारा, दहा अवजारांचा, तंबू ठोकून रानात राहायला जाणारी माणसं हौसेने बाळगतात तसला. म्हणजे होतो दहाचा. आता मोजलीत तर कामाची सात भरतील, आणि त्यातली किती उघडतील हे मला विचारू नका.

मी आत्ता नदीच्या पाण्याखाली आहे. फरशी पुलाच्या पायथ्याशी दोन दगडांच्या फटीत तोंड खाली करून अडकलो आहे. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू सहसा माळ्यावर नाहीतर अडगळीत निवांत पडलेल्या असतात. सुस्कारे टाकत, सावकाश, जन्मापासूनचं सगळं सांगतात. मला तेवढी उसंत नाही. माझं पोलाद जुन्या पद्धतीचं आहे. तेलाचा थेंब मिळत राहिला तर मी तुमच्या नातवंडांनाही पुरेन, पण पाण्यात माझे दिवस भरत चालले आहेत. आठ रविवार झाले. तरीही सांगतो जन्मापासूनच, कारण सगळं कळल्याशिवाय तुम्ही माझं काम करणार नाही. काम काय आहे ते शेवटी सांगेन.

माझा जन्म एका लांबलचक, पत्र्याच्या छपराच्या कारखान्यात झाला. पोलादाच्या पट्टीतून माझी पाती कापली, भट्टीत लाल केली, तेलात बुडवली, चाकावर धरून धार काढली. मग सगळे तुकडे जुळणीच्या टेबलावर एका बाईंकडे आले. मोठं पातं, लहान पातं, करवत, कात्री, डबा उघडणारं, बाटली उघडणारं, टोच्या आणि स्क्रू ड्रायव्हर. वरून दोन लाल कवचं, आणि कवचांच्या खाचेत एका बाजूला चिमटा, दुसऱ्या बाजूला दातकोरणं. बाई चष्मा कपाळावर सरकवून प्रत्येक चाकू कानाशी धरत आणि एकेक अवजार उघडून मिटत. दर वेळी खणखणीत ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. माझी कात्री पहिल्या वेळी नुसतीच ‘टप्’ वाजली. तसे वाजणारे चाकू उजव्या हाताच्या खोक्यात जात, आणि त्या खोक्यातून परत आलेला मी एकही पाहिला नव्हता. माझी तर पाचावर धारण बसली. बाईंनी कानशीने दोन हात मारले, पुन्हा कानाशी धरलं, आणि शेजारणीला म्हणाल्या, “हं, आता नीट बोलतोय.”

तिथून मी एका हत्यारांच्या दुकानात, काचेखाली जाऊन पडलो. दुकानदार तिरसट होता. काचेवर कोणी कोपर ठेवलं तरी खेकसायचा. एके दिवशी खाकी शर्टातला एक लाइनमन आला. टेलिफोनच्या तारा जोडणारा. त्याने मला मागून घेतलं, डोळे मिटले, डावा हात पाठीमागे नेला आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने माझं मोठं पातं उघडायला लागला.

“अहो, डोळे मिटून काय घेताय? नीट बघून घ्या. नंतर बदलून मिळणार नाही,” दुकानदार म्हणाला.

“खांबावर बघायला कुठे सवड असते? एक हात खांबाला, दुसऱ्याने काम. एका हाताने उघडतो का तेवढंच बघतोय.”

मी तेव्हा नवा होतो, सांधे घट्ट होते. पण जीव खाऊन उघडलो. त्या माणसाने डोळे उघडले आणि मला खिशात टाकलं. त्याची दोन मुलं त्याला बाबा म्हणत, म्हणून मीही त्याला बाबाच म्हणतो.

त्यानंतरची सव्वीस वर्षं मी बाबांच्या खिशात काढली. तारांची वेष्टणं सोलली, खोक्यांचे स्क्रू पिळले, झाडांच्या फांद्या तारांवरून छाटल्या. पण माझे खरे दिवस वर्षातले चारच असत. दर वर्षी एकदा बाबा दोन्ही मुलांना घेऊन तळ्याकाठी तंबू ठोकायला जात. आई यायची नाही. “चार दिवस घर मला एकटीला मिळतं, हीच माझी सहल,” असं म्हणून ती दार लावून घ्यायची.

तळ्यावर मला क्षणाची फुरसत नसे. खुंट्या तासायच्या, दोर कापायचे, डबे फोडायचे. मोठा मुलगा, ज्याला घरात सगळे दादा म्हणत, तो माझी दहाही अवजारं उघडून मला तंबूच्या सावलीत पंख्यासारखा मांडायचा आणि नुसता बघत बसायचा. धाकटीला बघण्यात रस नव्हता. तिला कापायचं असायचं. एकदा तिच्या तळपायात बोराटीचा काटा गेला. बाबांनी माझा चिमटा ओढून काढला, तोच तिने रान डोक्यावर घेतलं.

“अगं, अजून हातसुद्धा लावला नाहीये!”

“मग आधीच रडून घेते,” ती म्हणाली, आणि खरंच, काटा निघताना चूप बसली.

बाबांचा एकच नियम होता. शेवटी ज्याच्या हातात चाकू, त्यानेच तो पुसायचा. कोरडं फडकं, प्रत्येक सांध्यात तेलाचा एक थेंब, मगच पाती मिटायची. नियम निघाला तशी दोघांनी पळवाटही शोधली. जेवण संपत आलं की मला कोणी हात लावायला तयार नसे. “दादा, हा घे ना जरा.” “नको, तुझ्याकडेच राहू दे.” मी त्या दोघांच्या मधे गवतावर पडून राहायचो आणि बाबा गालातल्या गालात हसायचे. शेवटी दोघांपैकी एकाला पुसावंच लागे. कुरकुरत का होईना, कोणी टाळलं नाही.

बाबा दर पंधरा दिवसांनी मला दगडावर धार लावत. सव्वीस वर्षांत माझं मोठं पातं झिजून झिजून निम्म्या रुंदीचं राहिलं. सांधेही सैल झाले. इतके, की अंगठा नुसता टेकवला तरी पातं उघडायचं. हे दोन्ही नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे याच दोन गोष्टींनी मला कवडीमोल केलं.

बाबा गेले तेव्हा मी दवाखान्यात त्यांच्या उशाखाली होतो. सिस्टरने चादर बदलताना मला उचललं आणि बाहेर बाकावर बसलेल्या दादाच्या हातात दिलं. दादा तोवर चष्म्याच्या दुकानात कारागीर झाला होता. काचा घासायच्या, फ्रेमचे बारीक स्क्रू बसवायचे. बोटं अगदी हलकी. धाकटीने स्वतःचं सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं, आणि तिच्या नखांत कायम काळं वंगण असायचं.

“दादा, चाकू मला दे,” ती म्हणाली. “बाकीचं सगळं तू ठेव.”

“अगं, तुझ्याकडे तो राहील का? तू वापरून वापरून संपवशील त्याला. माझ्याकडे जपून राहील.”

धाकटी माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे रडून सुजले होते, भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं. “बरं, जप मग,” ती म्हणाली. मला ओरडावंसं वाटलं, की अगं, असं सोडू नकोस, घे मला! पण चाकूला ओरडता येत नाही.

दादाला चाकू जमवायचा नाद होता. त्याच्या घरी उथळ खणांचं एक कपाट होतं, आत हिरवं कापड लावलेलं, आणि त्यावर माझ्या जातीचे चाळीसेक चाकू शेजारी शेजारी निजलेले. काहींना शिंपल्याची कवचं, काहींना शिंगाची. एकाही पात्यावर ओरखडा नाही, कारण एकानेही कधी साधी दोरी कापलेली नव्हती. त्यांच्यात ‘कोरा’ असणं हीच मोठी मिजास होती. मी त्यांना खुंट्यांच्या गोष्टी सांगायला गेलो, तर शिंगवाला म्हणाला, “म्हणजे तुम्ही कामाला होतात तर!” सव्वीस वर्षांत मला कोणी असं हिणवलं नव्हतं.

दादाने सुरुवातीला मला मधल्या खणात, मानाच्या जागी ठेवलं होतं. महिन्यातून एकदा त्याच्यासारखी नादिष्ट मंडळी जमायची आणि भिंगातून एकमेकांचे चाकू बघायची. त्यातल्या एका टकलू गृहस्थांनी मला चिमटीत उचललं.

“हे काय, मधोमध? पातं अर्धं झिजलंय, सांधे ढिले. आणि नग तर पैशाला पासरी मिळणारा.”

“बाबांचा आहे,” दादा म्हणाला.

“भावना ठीक आहेत हो. पण संग्रह म्हणजे संग्रह.”

दादाचे कान लाल झाले. त्या संध्याकाळी मी खालच्या खणात गेलो, आणि थोड्या दिवसांनी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात. तो सुट्या भागांचा डबा होता. या मंडळींची एक रीत आहे. एखाद्या दुर्मिळ चाकूचा भाग हरवला असेल, तर तो साध्या चाकूचा काढून तिथे बसवायचा. एक पुरा करायला दुसरा मोडायचा. डब्यात असे मोडलेले सात-आठ जण होते. कोणी बोलत नव्हतं. मी आत पडलो तेव्हाच समजलो की आता माझी पाळी.

आधी चिमटा गेला, धाकटीच्या पायातला काटा काढलेला. मग दातकोरणं. मग कात्रीची स्प्रिंग काढली. त्या बाईंनी कानाशी धरून जिला बोलती केली होती ती माझी कात्री मुकी झाली. शेवटी दादाने कवचांखाली पातळ पट्टी सरकवली आणि दोन्ही लाल कवचं उचकटून काढली. त्याची बोटं फार हलकी होती. दुखलं नाही असं वाटावं इतकी हलकी. पण दुखलं, मित्रांनो. मी उघडा पडलो, नुसता पत्रा आणि रिबिटं. माझी कवचं एका शिंगवाल्याच्या शेजाऱ्याला चढली आणि तो त्या महिन्यात मंडळींसमोर मिरवला.

दादा दुष्ट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. तो कधी कधी डबा उघडायचा, मला तळहातावर घ्यायचा आणि अंगठ्याने पातं उघडून मिटायचा. टक्. टक्. मग घाईघाईने परत ठेवायचा. धाकटीचा फोन आला आणि तिने माझी चौकशी केली की त्याचा आवाज बदलायचा.

“बाबांचा चाकू बरा आहे ना रे?”

“अगं, ठेवलाय जपून.”

मी डब्यात पडून हे ऐकायचो. रागाने माझ्या रिबिटांना झिणझिण्या यायच्या.

बाबांना जाऊन पाच वर्षं झाली तेव्हा धाकटीनेच विषय काढला. तळ्यावर जाऊ, दोघंच, तोच तंबू घेऊन. फोन ठेवता ठेवता म्हणाली, “आणि चाकू आण हं. खुंट्या त्यानेच तासायच्या.”

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. तिला मला कसा दाखवणार? आठवडाभर तो अस्वस्थ होता. मग कुणाकडून तरी त्याने माझाच एक जुळा मिळवला. त्याच वर्षीचा, तीच लाल कवचं, दहाच्या दहा अवजारं, आणि तीसेक वर्षं पेटीतून बाहेर न निघालेला. संपूर्ण कोरा. हाच बाबांचा म्हणून द्यायचा, असं त्याने ठरवलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी त्याने आम्हा दोघांना टेबलावर शेजारी ठेवलं. हातात ती पातळ पट्टी होती. जुळ्याची कवचं काढून मला चढवावीत असं त्याच्या मनात आलं असावं, कारण पट्टी दोनदा कवचापर्यंत गेली. पण कोरा नग मोडायला त्याचा हात धजेना.

“सांगूनच टाकावं का तिला?” तो स्वतःशी म्हणाला.

शेवटी त्याने जुळा खिशात घातला, आणि मला परत डब्यात टाकून डबा गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवला. तो सांगणार होता असं मी अजूनही मानतो.

वाटेत धाकटी खूप बोलत होती. तळं जवळ आलं तशी तिने हात पुढे केला. “दे ना चाकू. बघू दे.”

दादाने जुळा तिच्या हातावर ठेवला. मी कप्प्याच्या आत, अंधारात, कान देऊन होतो. तिने नेहमीसारखा अंगठा टेकवला. पातं उघडलं नाही. तिने नख लावलं, ओढलं. तरी नाही. कोऱ्या चाकूंच्या सांध्यात कारखान्यातलं तेल तसंच राहतं, आणि वर्षानुवर्षं न उघडल्यावर ते डिंकासारखं घट्ट होतं. वापरणाऱ्या माणसाला हे सहज कळलं असतं. दादाने मात्र ‘कोऱ्याला हात लावायचा नाही’ म्हणून तो एकदाही उघडून पाहिला नव्हता.

“हा बाबांचा नाही,” धाकटी म्हणाली.

गाडी फरशी पुलावर आली होती. वर कुठेतरी पाऊस झाला असावा. पुलावरून चार बोटं पाणी वाहत होतं. एवढ्या पाण्यातून ते कितीतरी वेळा गेले होते.

“अगं, तोच आहे. बंद राहून घट्ट झालाय.”

“दादा, माझ्याकडे बघ. बाबांचा चाकू माझ्या अंगठ्याला ओळखतो. हा त्यांचा नाही. त्यांचा कुठंय?”

दादाने तिच्याकडे बघितलं. बघायला नको होतं. डावीकडचं चाक पुलाच्या कडेवरून सुटलं, गाडी कलंडली आणि धाकटीच्या बाजूवर खाली पाण्यात जाऊन आदळली.

मित्रांनो, पुढचं सांगताना आजही माझा धीर सुटतो. पाणी आत घुसलं. दादाच्या सीटचा पट्टा सुटला, पण धाकटीच्या बाजूचं दार आत चेपून तिची सीट ढकलली गेली होती आणि तिच्या पट्ट्याचं कुलूप मधे चेंगरलं होतं. पाणी तिच्या कमरेला होतं, मग छातीला. दादाने कुलूप दाबलं, ओढलं, लाथ मारली. ते ढिम्म हललं नाही. मग त्याने तो जुळा चाकू उचलला आणि पात्याच्या खाचेत नख घातलं. नख मुळापासून तुटलं. दुसरं लावलं, तेही तुटलं. दात लावले. कोरा तो कोराच राहिला.

“दादा, बाबांचा कुठंय?” तिने पुन्हा तेच विचारलं, पण आता तिच्या हनुवटीला पाणी लागलं होतं. “बाबांचा आण!”

कप्पा उघडला. डबा फुटल्यासारखा उघडला, स्क्रू, स्प्रिंगा, तुटकी कवचं पाण्यात सांडली, आणि त्यातून त्याच्या हाताने मला काढलं. डाव्या हाताने त्याने तिची मान पाण्यावर उचलून धरली होती. त्याच्याकडे एकच हात होता. दुकानात बाबांनी डोळे मिटून पाहिलं होतं ते याच घडीसाठी असावं. त्याचा रक्ताळलेला अंगठा टेकला आणि मी उघडलो. पाण्यात टक् ऐकू येत नाही, पण त्याच्या हाताला ते कळलं.

माझं झिजलेलं, कवडीमोल पातं वस्तऱ्याइतकं पातळ होतं. पट्टा खांद्याशी आणि कमरेशी, दोन ओढींत तुटला.

दादा वरच्या खिडकीतून बाहेर आला आणि तिला ओढायला लागला. एका हाताने ती निघेना. तिचा पाय सीटखाली चेंगरला होता. मग त्याने दुसरा हातही घातला, आणि त्याच क्षणी मी सुटलो. पुलाच्या पायथ्यावर आपटलो, घसरलो आणि या फटीत येऊन रुतलो. वर त्या दोघांच्या सावल्या प्रवाहाबरोबर खाली वाहत गेल्या. ती जगली की नाही हे मला आठ दिवस माहीत नव्हतं. त्या आठ दिवसांपुढे बिस्किटांचा डबा मला स्वर्ग वाटला.

पहिल्या रविवारी माणसांचे आवाज आले. गाडी उचलायला क्रेनवाला आला होता, आणि त्याच्याशी दादा बोलत होता. मग मला तिचा आवाज आला! ती काठावर कुबडी घेऊन बसली होती आणि क्रेनवाल्याला सांगत होती की साखळी तशी नको, अशी अडकवा. काय सांगू तुम्हाला, मी त्या चिखलात आनंदाने वेडा झालो.

“माझा एक चाकू पडलाय पाण्यात,” दादा क्रेनवाल्याला म्हणाला.

“इथे पुलाशी पडला का?”

“नाही. काठाला लागेपर्यंत माझ्या मुठीत होता. मूठ उघडली तर हातात कापलेल्या पट्ट्याचा तुकडा. तिथेच सुटला असणार, त्या वळणावर.”

तुकडा! तो मुठीत पट्ट्याचा तुकडा आवळून होता आणि मी आहे असं समजत होता. मी तर कधीच सुटलो होतो. तो माझ्या डोक्यावर, पुलाच्या काठाशी उभा होता. त्याची सावली माझ्यावर पडली होती. मग तो वळला आणि खालच्या अंगाला निघून गेला.

तेव्हापासून दोघं दर रविवारी येतात. दादाने दोरीला एक मोठं लोहचुंबक बांधलं आहे. ते पाण्यात टाकतो आणि तळावरून ओढत नेतो. आतापर्यंत त्याला बोल्ट सापडले, बाटल्यांची झाकणं सापडली, एक सायकलची साखळी सापडली. “ही मला दे,” असं धाकटी म्हणाली आणि दोघं हसले. मला हसू आलं नाही. ते दर रविवारी वळणापासून आणखी थोडं खाली जातात, आणि त्यांचे आवाज दर रविवारी आणखी थोडे बारीक होतात.

चौथ्या रविवारी वाऱ्याची दिशा बरी होती, म्हणून मला नीट ऐकू आलं. दोघं खडकावर बसले होते.

“दादा, पुरे आता. वाहून गेला असेल कुठच्या कुठे.”

“मग आणखी खाली शोधतो.”

“एवढं काय रे? तुझ्याकडे चाळीस आहेत.”

दादाने खिशातून काहीतरी काढून खडकावर ठेवलं असावं, कारण बारीक खणखण ऐकू आली.

“त्याचे सगळे भाग काढून आणलेत,” तो म्हणाला. “ज्यांना ज्यांना लावले होते, त्यांचे मोडून. ही कवचं, हा चिमटा, ही कात्रीची स्प्रिंग. तो सापडला की इथेच बसून लावणार. आणि तुझ्या हातात देणार. माझ्याकडे नको तो.”

“आणि तेल?”

“तेल तू आण. तुझ्याकडचं चांगलं असतं.”

मग तिचं रडणं ऐकू आलं, आणि त्याचंही. माझे सगळे तुकडे माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होते, आणि मी हाक मारू शकत नव्हतो. जन्मात मला इतकं असहाय कधी वाटलं नाही. शिंगवाल्याने हिणवलं तेव्हाही नाही.

काल आठवा रविवार झाला. त्यांचे शब्द आता कळत नाहीत, नुसती चाहूल कळते. माझं मोठं पातं उघडंच राहिलं आहे. त्याच्यावर तांबूस पापुद्रा धरला आहे. करवतीचे दात फुगले आहेत. लहान पात्याचा सांधा परवापर्यंत मला जाणवत होता, आता जाणवत नाही. अजून वेळ गेलेली नाही. घासलं, तेल दिलं, तर मी उघडेन. पण पुढच्या पुढच्या रविवारांचं मी सांगू शकत नाही, आणि ते थकून यायचे थांबतील याची मला गंजापेक्षा जास्त भीती वाटते.

तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू असेल. कात्री असेल, पाना असेल, कुणाच्या तरी हाताने झिजलेली. तिला कापडात गुंडाळून ठेवाल तर ती तुमची होणार नाही. तिला कामाला लावा, आणि काम झालं की पुसा. मला एवढंच येतं, मी एवढंच शिकवू शकतो.

आणि आता माझं काम. रविवारी या नदीवर या. वळणाच्या खाली हातात दोरी घेतलेला एक चष्मेवाला दिसेल, शेजारी कुबडी घेतलेली त्याची बहीण असेल. त्याला सांगा, पाण्याने मला कुठेही नेलेलं नाही. खाली जाऊ नकोस, वर ये. पुलाच्या डाव्या अंगाला, जिथे गाडीच्या पत्र्याचा ओरखडा आहे, त्याच्या बरोबर खाली दोन काळे दगड आहेत. त्यांच्या फटीत हात घाल. मी तिथेच आहे, जिथे तू मला सोडलंस.

तो विश्वास ठेवणार नाही. मग त्याला बाबांचा नियम सांगा, म्हणजे निरोप माझाच आहे हे त्याला पटेल. सांगा, की शेवटी मी तुझ्याच हातात होतो, दादा. पुसायचं तुझ्याकडे राहिलंय.